सवलत, उधारी आणि उचल



मजुरीवाढ मागत जन्म घालवलेल्या माणसाने काटकसरीवर बोलावे, हे आपणांस थोडे विपरीत वाटले असेल. आमच्या चळवळीत हा वाद जुनाच आहे. जर्मनीतील कामगारांचे पुढारी लासाल यांनी १८६३ साली बजावले होते की, मजुरांना जिन्नस सरसकट स्वस्त मिळू लागले की मजुरीही तेवढीच खाली येईल. सबब ग्राहकांच्या भांडारांवर भिस्त ठेवू नका. (आमची शाळा सातवीत सुटली. लासाल भेटले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि फुकटात. सवलतींच्या यादीत वाचनालय कोणी धरीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.)

पण लासालांच्या अगोदर एकोणीस वर्षे, १८४४ च्या डिसेंबरात, इंग्लंडातील रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी एकेक पौंड घालून एक दुकान काढले होते. त्यांत विणकर पुष्कळ होते. माल म्हणाल तर पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. भेसळ नाही, माप खोटे नाही, आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. याहून मोठा नियम एक होता : उधारी बंद. आम्ही या वादात विणकरांच्या बाजूचे आहोत, ते या नियमामुळे. ज्याच्या नावावर वाण्याची बाकी आहे त्याला संपावर जाता येत नाही. पुढे मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ निघाला, तोही याच वाटेने.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वाण्याच्या बाकीचा थोरला भाऊ म्हणजे उचल. पाऊस सरत आला की मुकादम घरी येतो, उचल देतो, आणि दसरा-दिवाळीनंतर बालाघाटावरच्या गावांतून टोळ्या साखरपट्ट्याकडे निघतात. जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच ओढाताणीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. नवराबायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडून भरतो असे धरा. वाढ झाली दिवसाला १८६ रुपयांची. एकूण कमाई दिवसाला ७३२, म्हणजे दीडशे दिवसांच्या हंगामाला १,०९,८०० रुपये. उचल एक लाखाची असेल तर उरले ९,८००. शिवाय हंगामभर मुकादमाकडून खाण्यापिण्याला खर्ची घेतलेली असते, ती या ९,८०० मध्ये बसत नाही. बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, तो म्हणेल त्या बोलीवर जावे लागते. शहरात माणूस शंभर रुपये वाचवतो ते दुसऱ्या कशासाठी तरी. कोयत्यावरचे जोडपे जे वाचवते त्यातून पुढच्या वर्षी मुकादम बदलण्याची मोकळीक विकत घेते.

मग हे १८६ रुपये गळतात कोठे? पहिली गळती धान्याची. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे पंचवीस किलो. बाजारात तीस रुपये किलो धरले तरी महिन्याला ७५०, पाच महिन्यांचे ३,७५०. म्हणजे भांडून मिळवलेल्या दरवाढीतले वीस दिवस. टोळी गावाबाहेर पडली की हे धान्य गावच्या दुकानात राहते, आणि कोपीजवळच्या टपरीवरून तोच गहू चढ्या भावाने, वर उधारीने येतो. वास्तविक एका रेशनकार्डावर देशात कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते, सांगलीतही आणि कर्नाटकातही. दुकानदार ‘कोटा नाही’ म्हणतो, अंगठा उमटत नाही, हे आम्ही पाहिलेले आहे. त्यासाठी निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी पुरी करून घेणे आणि नकार मिळताच १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवणे, एवढे तरी हाती आहे.

दुसरी गळती सांगताना जीभ जड होते. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीने चौकशी केली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दुखण्यापायी खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून दुखणे मुळासकट काढून टाका, हा सल्ला त्यांना पटला. खासगी दवाखान्याचे बिल पुष्कळदा उचलीतून गेले. म्हणजे अवयव गेला आणि कर्जही वाढले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण जिल्हा रुग्णालयात एक दिवस जातो, आणि तो दिवस खाड्यात धरला तर ‘मोफत’ या शब्दाला काय अर्थ राहिला? म्हणून आमची मागणी दुहेरी आहे : दवाखाना फुकट हवा, आणि दवाखान्याचा दिवस खाडा धरता कामा नये. यांतली दुसरी मागणी लासालांच्या पंथातली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे.

येथे सभेतल्या सुखवस्तू मंडळींना थोडे टोचणार आहोत. दिवाळीच्या सेलमध्ये एकावर एक साडी मिळाली तर आपण चार घरी सांगतो, ती हुशारी. रेशनचा गहू आणणारा मात्र ‘फुकटखाऊ’! मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले, तेव्हाही असेच सूर निघाले होते. त्याच गाडीतून आठवडी बाजाराला जाणारी बाई शेपूचा भारा स्वतः विकू लागली, मधला अडत्या गळला, हे कोणी पाहिले नाही. आणि सेलविषयी इतकेच की, पाकिटावर आता एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापावी लागते. ती वाचा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त असतेच असे नाही.

आता मुद्द्याचे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एक साधी गोष्ट करीत आली आहे. शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी एकत्र करतात, माल घाऊक येतो आणि वाटप सभासद स्वतः करतात. हे दादर-पार्ल्याला जमते, मग दहा-बारा कोयत्यांच्या टोळीला का जमू नये? टोळी म्हणजे तयार संघच. तेल, मीठ, मिरची, चहा, साबण, काडेपेटी अशी यादी असते ठरलेली. उचलीचा पैसा हातात रोख असतो तो नेमका निघण्याच्या सुमारास. तेव्हाच पाच महिन्यांचा टिकाऊ माल घाऊक घेऊन ट्रॅक्टरवर चढवता येईल. अडचणी आहेत. कोपीत ओल असते, उंदीर असतात. पत्र्याचे डबे लागतील. साठ्याची किल्ली मुकादमाकडे द्यायची की टोळीतल्या बायकांकडे, यावर तंटा होईल. आमचे मत बायकांच्या बाजूने आहे. आणि एक वही हवी, तिच्यात खर्चीची प्रत्येक रक्कम तारखेसह, मुकादमाच्या सहीने. आज हिशेब एकट्या मुकादमापाशी असतो. टोळीत लिहिता येणारे पोर नसेल तर येथील शाळांतील मुलांनी सुटीत शंभरेक वह्यांना रकाने आखून द्यावेत, अशी मास्तरांना विनंती आहे.

दसऱ्याला अजून पाच महिने आहेत. मोंढ्यातील जे व्यापारी अशा टोळ्यांना रोखीने घाऊक भावात माल देण्यास तयार असतील त्यांच्यासाठी, सभा संपल्यावर आम्ही मंडपाच्या उजव्या दाराशी कागद-पेन्सिल घेऊन थांबतो आहोत. भाव किलोचा सांगावा, आणि पोत्यासह की पोत्याविना तेही सांगावे.