अठरा वर्षांचा मताधिकार आणि शाळेचे दप्तर

(नांदगाव पेठ येथील शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



इंग्रजी अमदानीत मताधिकार सारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या मापाने मोजला जात असे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ही मापे दूर सारून वयाचे माप ठेवले. ज्या घटना समितीने हा निर्णय केला, तीत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख हे सभासद होते. घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदात तेव्हा एकवीस वर्षांची अट होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती अठरावर आणली. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अंमलात आली.

तथापि वय मोजण्याचा दिवस वर्षातून एकच राहिला, तो १ जानेवारी. २ जानेवारीस अठरा पूर्ण करणाऱ्यास जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्ती कायद्याने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार दिवस मान्य केले.

या सुधारणेचा आपल्या दप्तराशी निकट संबंध आहे. जन्मतारीख ठाऊक नसली की दाखलखारीज पुस्तकात '१ जून' लिहिण्याची जुनी रीत आपणा सर्वांस परिचित आहे. समजा, २० मार्चला जन्मलेल्या मुलीची तारीख १ जून लिहिली गेली. पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच उतरते. मग १ एप्रिलला पात्र ठरावयाची ती मुलगी १ जुलैपर्यंत अपात्र राहते. मधल्या काळात निवडणूक आल्यास तिचे मत बुडाले! दिवस एकच होता तेव्हा असा फरक झाकला जाई. आता तो झाकला जाणार नाही.

येथील औद्योगिक वसाहतीत पोटासाठी परगावची कुटुंबे येतात. वयाचा पुरावा नाही म्हणून त्यांच्या मुलांस प्रवेश नाकारता येत नाही, आणि तेच योग्य होय. परंतु प्रवेश दिल्याने आपले कर्तव्य संपत नाही. जेथे मूल जन्मले तेथील नोंदणी कार्यालयातून दाखला कसा आणावा, हे पालकांस समजावून सांगितले पाहिजे.

मतदार यादीत नाव असेल, तोच ग्रामसभेचाही सभासद. गावच्या कारभारात बोलण्याचा त्याचा हक्क या एका नोंदीवर उभा आहे. म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी लेखणी उचलण्यापूर्वी कागद पाहावा, कागद नसेल तर मागवावा आणि अंदाजाने तारीख लिहू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.