आधीं कागद, मग घर

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण जुनी आहे. खेड्यांतील घर विकत घेणाऱ्यानें मात्र आधीं कागद पाहावा. साकोली तालुक्यांत धानाच्या बांध्यांलगत कवेलूंचें प्रशस्त घर मिळेल. परंतु ग्रामपंचायतीची कर-आकारणीची नोंद मालकी सिद्ध करीत नाहीं, आणि मालकी सिद्ध झाल्यावांचून बँक घर तारण घेत नाहीं. 24 एप्रिल 2020 रोजीं आरंभिलेल्या स्वामित्व योजनेनें ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणें मोजून मिळकत पत्रिका देण्याची सोय केली. 2016 सालची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) बेघरांस घर बांधण्यास साहाय्य करते, विकत घेण्यास नव्हे. सरकार कागद देईल. हप्ते ज्याचे त्यानेंच फेडावयाचे, आणि ते थकल्यास घर जाईल, हें श्रोत्यांनीं विसरूं नये.