बैरूतच्या हुतात्मा चौकातले संपादक

बैरूत शहराच्या मध्यभागी हुतात्मा चौक आहे. ज्यांच्यामुळे त्याला हे नाव मिळाले त्यांत पत्रकारही होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. तुर्की सेनापती जमाल पाशाने ६ मे १९१६ रोजी तेथे अनेक अरब देशभक्तांना फाशी दिले. ‘अल्-मुफीद’ पत्राचा तरुण संपादक अब्दुल गनी अल्-उरैसी हा त्यांपैकी एक. आरोप फितुरीचा, आणि पुरावा सापडला तो फ्रेंच कॉन्सलच्या कचेरीत! युद्ध सुरू होताच कॉन्सल जॉर्ज-पिको सारी कागदपत्रे मागे ठेवून निघून गेला होता. ती तुर्कांच्या हाती पडली. अरब मुलूख फ्रान्स व इंग्लंड यांनी वाटून घेण्याचा जो करार याच पिकोच्या नावाने ओळखला जातो, तो या फाशीनंतर अवघ्या दहा दिवसांनी पुरा झाला. परक्याच्या भरवशावर स्वातंत्र्य मागणाऱ्याची याहून क्रूर थट्टा क्वचितच झाली असेल.

पुढे १९४३ साली लेबनॉन स्वतंत्र झाले आणि बैरूत अरब जगाचा छापखाना बनले. इतर अरब राजधान्यांत जे छापता येत नसे, ते येथे छापले जाई. पण परकी वकिलातींच्या थैल्याही येथेच मोकळ्या होत. १९६४ ते १९७० या काळात अध्यक्ष असलेले शार्ल हेलू हे स्वतः जुने पत्रकार. संपादकांचे मंडळ भेटीस आले असता, ‘आपल्या या दुसऱ्या मायदेशात आपले स्वागत असो,’ असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. हसू येते खरे. पण ‘अल्-हयात’चे संस्थापक कामिल मुरुव्वा यांचा १९६६ साली त्यांच्या कचेरीतच खून झाला, हे आठवले की ते मावळते.

फेब्रुवारी २००५ मध्ये माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांचा खून झाला आणि हाच चौक लाखो माणसांनी भरून गेला. १९७६ पासून ठाण मांडून बसलेले सीरियाचे सैन्य एप्रिलअखेर निघून गेले. या उठावामागे अमेरिका व फ्रान्स आहेत, असे त्याचे विरोधक म्हणत. परकीय सैन्य हटविण्याचा ठराव या दोन राष्ट्रांनी आदल्या वर्षीच सुरक्षा समितीत आणला होता, हेही खरेच. परंतु तेवढ्याने लाखोंचा संताप विकत घेतलेला ठरत नाही.

‘अन्-नहार’चे लेखक समीर कसीर यांना हा पेच पुरता ठाऊक होता. त्यांचे वडील पॅलेस्टिनी, आई सीरियन. दमास्कस मोकळे झाल्यावाचून बैरूत खरे मोकळे होणार नाही, अशी त्यांची धारणा. म्हणून त्यांना सीरियाचे द्वेष्टे ठरविणे सोपे नव्हते. २००१ मध्ये त्यांचे पारपत्र काढून घेण्यात आले, मागे पाळत लागली. लेखणी थांबली नाही. २ जून २००५ रोजी त्यांच्या मोटारीत स्फोट झाला. वय पंचेचाळीस. डिसेंबरात पत्राचे प्रमुख जिब्रान तुएनी यांचीही तीच गत झाली. तेव्हा त्यांचे ७९ वर्षांचे वडील, जुने संपादक घस्सान तुएनी, पुन्हा पत्राची धुरा घेऊन बसले. मुलाच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी सांगितले, सूड नको.

डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमधील असद राजवट कोसळली. कसीर यांच्या खुनाबद्दल मात्र अद्याप कोणालाही शिक्षा झालेली नाही.