मुलांचे मौन आणि आपले कर्तव्य

मनोव्यथा असह्य झाल्यावर काही मुलेमुली स्वतःच्याच शरीरास इजा करून घेतात. ही गोष्ट ती लपवितात. सांगितलीच तर प्रथम मित्रमैत्रिणींस, आईबापांस क्वचितच. 'ढोंग करतोस', 'सोयरीक मोडेल' असे बोल ऐकावे लागतील, हीच त्यांना धास्ती असते. पहिल्याच वेळी आपण रागावलो, तर ती पुन्हा तोंड उघडीत नाहीत. म्हणून आधी शांतपणे ऐकावे, जखमेवर उपचार करावा, बोभाटा करू नये व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते. कळंबच्या प्रत्येक घरी हा क्रमांक दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, म्हणजे लेकरास तो कोणाकडे मागावा लागणार नाही.