मुक्या जिवाची अमानत
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून मांजर-कुत्र्यांविषयी काय बोलायचे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु दयामाया मूल पुस्तकातून शिकत नाही. घरातील वडीलधारी माणसे मुक्या प्राण्याशी कशी वागतात, ते पाहून शिकते. हे मला उशिरा कळले. कसे कळले, ते आधी सांगतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती. आमच्या माझगावच्या चाळीत जिन्याखाली एक मांजरी व्याली. चार पिल्ले झाली. शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली, तेव्हा एका पहाटे मी ती पिल्ले गोणपाटाच्या पिशवीत भरली आणि मासळी बाजारात सोडून आलो. तेथे खायला मिळेल, अशी मी मनाची समजूत घातली. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. मासळी खाण्याचे ते वय नव्हे, हा विचारही मी केला नाही.

मांजरी तीन रात्री गॅलरीतून ओरडत फिरली. चौथ्या दिवशी मुलीने विचारले, "अब्बा, पिल्लं कुठे ठेवलीत?" मी म्हणालो, "एका चांगल्या घरी दिली." ती म्हणाली, "मग त्यांच्या आईला का नाही नेलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी बाजारात परत गेलो, पण पिल्ले सापडली नाहीत. प्राण्याला उपाशी मरावे लागेल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मला पुढे समजले. मुलीशी खोटे बोललो, त्याची नोंद मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

काही महिन्यांनी तीच मांजरी स्कूटरखाली आली. मुलगी हट्टाला पेटली, म्हणून तिला टोपलीत घालून आम्ही परळच्या बाई सकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात नेले. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी 1874 साली जी संस्था निघाली, तिचे हे रुग्णालय. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून 1883 साली ते उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नीचे नाव दिले गेले. तेथील बाकावर मी बसलो होतो. एका बाजूला टॅक्सीवाला कुत्र्याचे पिल्लू घेऊन आला होता, दुसऱ्या बाजूला एक म्हातारी जखमी कबूतर पदराखाली धरून बसली होती. कोणी कोणाची जात विचारत नव्हते. मांजरीचा पाय बरा झाला, तिची नसबंदी झाली आणि ती आमच्या घरी आली. अकरा वर्षे राहिली.

प्राण्यांचा निवारा म्हणजे नकोशी जनावरे टाकून येण्याची जागा, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. निवाऱ्याचे काम म्हणजे जखमींवर उपचार, लस, नसबंदी आणि त्यानंतर चांगल्या घराचा शोध. जागा थोडी, पिंजरे भरलेले, काम करणारे मोजके. एक प्राणी घरी गेला की दुसऱ्या जखमी प्राण्याला जागा होते. नसबंदीचे महत्त्वही समजून घ्या. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. वर्षातून दोन-तीन वेळा हे घडते. इतक्या पिल्लांना घरे कोठून आणणार?

आता कुत्र्यांविषयी. आपल्यापैकी बहुतेकजण घरात कुत्रा ठेवत नाहीत. त्या मसल्यात मी शिरत नाही. पण कुत्र्याला घरात न घेणे वेगळे आणि त्याला दगड मारणे वेगळे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात भरून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारीला शिक्षा झाली, या दोन्ही गोष्टी आपण हदीसमध्ये लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकले ते गल्लीत उतरले पाहिजे.

भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्याला बळी पडणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. म्हणून विद्यार्थ्यांनो, कुत्र्याने चावले किंवा ओरखडले तर घरी लपवू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लशीचे सर्व डोस पुरे करा. आपल्या देशात 2001 च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्यांना त्यांच्या जागी परत सोडण्याची पद्धत आणली आणि 2023 च्या नियमांनी ती पुढे चालवली. नुसते कुत्रे हटवले तर मोकळ्या जागेत बाहेरचे, लस न टोचलेले कुत्रे येतात, हे त्यामागचे कारण. कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर समजा, त्याची नसबंदी झाली आहे. ज्यांच्या कानाला खाच नाही, त्यांची खबर नगरपालिकेला किंवा संस्थेला देणे, हे दगड मारण्यापेक्षा मोहल्ल्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

पालकहो, मुलाने मांजराचा हट्ट धरला तर दुकानातून महागडे पर्शियन पिल्लू आणण्याआधी एकदा निवाऱ्यात जा. तेथे आपल्याला प्रश्न विचारतील. घरातील सर्वांची संमती आहे का? दिवसा घरी कोण असते? खिडक्यांना जाळी आहे का? राग मानू नका. मुलगी देताना आपणही चौकशी करतोच. दोन महिन्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडू नका. घरात तान्हे बाळ असेल तर शांत स्वभावाचे मोठे मांजर निवडा. गाईचे दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही. उकडलेली काटे काढलेली मासळी किंवा कोंबडी द्या, आणि पाणी नेहमी भरून ठेवा. दरवर्षी लस टोचा. आणि हे सर्व बारा-पंधरा वर्षे करावे लागेल, हे आधी मोजून घ्या. परीक्षेत पास झाल्याचे बक्षीस म्हणून जीव आणू नका. बक्षिसाचा कंटाळा येतो, अमानतीचा येऊन चालत नाही.

ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. उन्हाळ्यात दाराशी पाण्याचे मातीचे भांडे ठेवा. जुन्या चादरी निवाऱ्याला द्या. सुटीच्या दिवशी मुलांना तेथे घेऊन जा.

आमची ती मांजरी गेली, तेव्हा मुलगी कॉलेजात होती. त्या रात्री मी तिला मासळी बाजाराची खरी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं, अब्बा. पिशवी मी पाहिली होती." अकरा वर्षे तिने ते मनात ठेवले होते. मुले पाहत असतात, एवढेच ध्यानात ठेवा.