वारा पाठीशी ठेवून

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आज गोष्ट लांबची आहे, पण हिशेब आपल्या घरातलाच आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने आईला अमेरिकेला बोलावलं. आईला एकटीला विमानाचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून सोबतीला मी गेले. तिथून सगळे मिळून हवाई बेटांवर गेलो. तिथे किलाउएया नावाचा जागता ज्वालामुखी आहे. परत आल्यावर गटातल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, पेटलेल्या डोंगरापाशी गेलात, भीती नाही वाटली?" त्याचं उत्तर आज देते.

हा डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा उभ्या कड्यांचा नाही. पसरट आहे. माथ्यावर भलामोठा खोलगट खड्डा आहे आणि लाव्हा, म्हणजे वितळलेला खडक, त्या खड्ड्यात उसळतो. २३ डिसेंबर २०२४ पासून तिथे थांबून थांबून उद्रेक होऊ लागले. काही तास आगीचं कारंजं उडायचं, मग काही दिवस शांत. काही वेळा ते तीनशे मीटरच्याही वर गेलं. म्हणजे आपण जाऊ त्या दिवशी ते दिसेलच याची खात्री नव्हती.

आदल्या रात्री मुक्कामी बसून ठरवायचं होतं, बघायचं कसं. भावाच्या मनात हेलिकॉप्टर होतं. माणशी भाडं ऐकून मी गप्पच झाले, त्यात चांगली दुभती शेळी येऊन वर पैसे उरले असते. शिवाय ढग-पाऊस आला की फेरी रद्द. भाच्याला बोटीतून लाव्हा समुद्रात पडताना बघायचा होता. पण तेव्हा लाव्हा समुद्रापर्यंत पोचतच नव्हता. पूर्वी पोचायचा, तेव्हा बोटी जायच्या. १६ जुलै २०१८ ला अशाच एका बोटीवर स्फोटातून उडालेला तापलेला दगड छत फोडून पडला आणि २३ जण जखमी झाले. त्याच वर्षी लाव्हा वस्तीत शिरून सुमारे सातशे घरं गेली. वहिनीने न्यूझीलंडचीही आठवण काढली. तिथे ९ डिसेंबर २०१९ ला व्हाइट आयलंड या ज्वालामुखी बेटावर लोक थेट विवरापर्यंत फिरायला गेले होते. अचानक स्फोट झाला. बेटावर ४७ माणसं होती, त्यातली २२ गेली.

सगळे बोलत होते. आई तेवढी म्हणाली, "तुम्ही जा बाळांनो. मी गाडीत बसते."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी बैठकीत किती वेळा ऐकलंय! "मला काही नको, तुम्ही ठरवा." ज्या बाईला सगळ्यात जास्त सांगायचं असतं, तीच असं म्हणते. मी आईला विचारलं, "तुला बघायचंय की नाही, तेवढं सांग." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बघायचंय गं. पण माझा दमा तुमची मजा घालवेल."

मग आम्ही प्रश्नच बदलला. जवळून कुठून दिसेल ते बाजूला ठेवलं आणि आईला श्वास घेता येईल अशी जागा शोधायला लागलो. ज्वालामुखीतून गंधकाचा वायू निघतो. दमेकरी, हृदयाचे रुग्ण, गरोदर बाया आणि लहान बाळं यांना तो बाधतो. तिथे वारा बहुतेक दिवस ईशान्येकडून येतो, त्यामुळे धूर नैऋत्येला जातो. आपण धान्य उफणताना भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून वारा बघून उभ्या राहतो ना? अगदी तसंच. तिथे १९१२ पासून ज्वालामुखीची वेधशाळा आहे. ती रोजची खबर देते, कॅमेऱ्यातून डोंगर मोबाईलवर दाखवते. भावाने सकाळ-संध्याकाळ वारा आणि हवा बघितली आणि हेलिकॉप्टरचा विषय आपणहून सोडला.

दिवसा मुलं, भाऊ आणि मी किलाउएया इकी या शेजारच्या विवरात उतरलो. १९५९ साली तिथे लाव्हाचं तळं झालं होतं. आता ते थिजून दगड झालंय आणि त्यावरून पायवाट जाते. फटींतून अजून वाफ येते. आई आणि वहिनी वर झाडांच्या सावलीत बसल्या.

संध्याकाळी सगळे मोठ्या विवराच्या उत्तरेच्या काठावर गेलो, कठड्याच्या आत राहून. उंची बाराशे मीटर, त्यामुळे गारठा होता. आईला स्वेटर, कानाला रुमाल, आणि श्वासाचा पंप माझ्या पर्समध्ये नाही तर तिच्या हातात. मोठं कारंजं त्या दिवशी नव्हतं. अंधार पडला तसा खाली खोलात एक लाल ठिपका धगधगायला लागला, वरचा धूर केशरी झाला. चुलीत राखेखाली निखारा दिसावा तसा. आईने हात जोडले. तिथले लोकही त्या डोंगराला पेले देवीचं घर मानतात.

पाऊण तासाने वारा फिरला. काडी ओढल्यासारखा उग्र वास आला. भाचा म्हणाला, "आजी, फक्त दहा मिनिटं!" आदल्या रात्री गाडीत बसते म्हणणारी आई ठामपणे म्हणाली, "नाही. आता चला." आणि आम्ही निघालो. कोणी कुरकुरलं नाही.

जाताना तिने एक काळा खडा उचलून बघितला. "हा तर आपल्या जात्याचा दगड!" खरंच आहे ते. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच लाव्हा होऊन वाहत आला. खडा तिने जागेवर ठेवला. तिथून दगड आणायला बंदी आहे.

आपल्या देशातही अंदमानात बॅरन बेटावर एक जागता ज्वालामुखी आहे. तिथे वस्ती नाही, तो समुद्रातून लांबूनच बघायचा. कुठेही जा, निघायच्या आधी तीन गोष्टी विचारा. आजची खबर काय? वारा कुठला? आणि आपल्यातल्या सगळ्यात नाजूक माणसाला काय हवंय? तिसरा प्रश्न त्याच माणसाला विचारा, आणि "तुम्ही ठरवा" हे उत्तर ऐकून थांबू नका.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.