पानावर बसून जेवलेल्या अकरा जणी

 

आज बोलायचंय हॉटेलात जेवण्याबद्दल. हसू नका. कर्जत-खालापूर या आपल्या दोन तालुक्यांत हॉटेलांना काही तोटा नाही. एक्स्प्रेस वेवर आहेत, खोपोलीला आहेत, कर्जत स्टेशनाबाहेर आहेत, आणि फार्महाऊस तर नदीकाठाने किती झाली ते मोजायलाच नको. शनिवार-रविवारी तिथे कांदा चिरायला, भांडी घासायला, चादरी धुवायला आपल्यातल्याच बाया जातात. पण टेबलाशी खुर्ची ओढून, आपल्या पैशानं, गरम गरम वाढलेलं जेवलेल्या किती? आमच्या गटात हा प्रश्न विचारला तर अकरा जणींपैकी तिघींनी हात वर केला. त्यातल्या दोघी लग्नाच्या खरेदीला गेल्या तेव्हा नवऱ्यानं नेलं म्हणून.

मग ठरवलं की आपण जायचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, कर्जाच्या हप्त्याला तर नाहीच. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत प्रत्येकीनं आठवड्याला २५ रुपये वेगळ्या डब्यात टाकले. माणशी साडेचारशेच्या वर जमले. घरी काय सांगायचं यावर मात्र पैशापेक्षा जास्त चर्चा झाली. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "घरात चूल विझली काय?" त्यांनाच बरोबर घेतलं.

कुठे जायचं? माटुंग्याला. कर्जत लोकलनं दादर, तिथून उलट एक स्टेशन. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर-माटुंग्याची वस्ती आखली, आणि कचेऱ्यांत कारकुनी करायला आलेली दक्षिणेकडची कुटुंबं तिथे स्थिरावली. त्यांना घरचं जेवण हवं होतं. ते करणारे आले कर्नाटकच्या किनाऱ्यावरून, उडुपीच्या बाजूनं. तिथल्या श्रीकृष्ण मठात हजारोंचा स्वयंपाक रोज होतो, कांदा-लसणीशिवाय. गावाकडची गरिबी सोडून पोरं मुंबईत आली, आधी भांडी घासली, मग वाढपी झाली, मग काहींनी स्वतःची खानावळ काढली. माटुंगा स्टेशनाजवळचं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. अजून चालू आहे. घासणाऱ्या हातांनी काढलेलं हॉटेल, हे आमच्या बायांना सगळ्यात जास्त आवडलं.

पण आत शिरण्याआधी एक गोष्ट घडली. आमच्या गटात कातकरी वाडीवरची एक ताई आहे. वीटभट्टीवर कामाला जाणारी, बोलायला कुणाला हार न जाणारी. ती दाराशी थांबली. "तुम्ही जा, मी हितं बसते. आपल्याला टेबलावर बसू देतील का?" तिला कुणी अडवलं नव्हतं. पण तिच्या आजीला, आईला अडवलेलं तिनं ऐकलं आहे. आणि ते खोटंही नाही. जुन्या काळी कितीतरी हॉटेलांत जात बघून बसवत. मद्रासला तर 'ब्राह्मण हॉटेल' अशा पाट्याच असत. १९५७ साली पेरियार यांनी त्या पाटीविरुद्ध आंदोलन केलं, शेकडो माणसं अटकेत गेली. म्हणजे ज्या इडलीचं आपण कौतुक करतो तिच्या मागे हेही आहे.

आता कायदा ऐका, नीट लक्षात ठेवा. भारताच्या संविधानाचं कलम १५, त्याचा दुसरा भाग. दुकान, सार्वजनिक उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीची जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही मज्जाव करता येत नाही. लिंग हा शब्द त्यात आहे, म्हणजे बाईमाणूस म्हणूनही अडवता येत नाही. सार्वजनिक विहिरी, तलाव आणि रस्तेही त्याच कलमात आहेत. मी हे ताईला तिथेच फुटपाथवर सांगितलं. ती म्हणाली, "कायदा कायद्याजागी. तू माझ्या बाजूला बस म्हंजे झालं." बसले.

जेवण कसं असतं ते सांगते, म्हणजे तुम्ही गेलात तर बावरणार नाही. केळीचं पान मांडतात, टोक आपल्या डाव्या हाताला. वरच्या बाजूला मीठ, लोणचं आणि कोसंबरी. कोसंबरी म्हणजे आपली कोशिंबीरच, नावही बहिणीबहिणीचं, फक्त तिच्यात भिजवलेली मुगाची डाळ. मग भाजी. भात येतो तो एकदाच सगळा कालवायचा नसतो. थोडा सांबाराशी, थोडा रसमशी, आणि शेवटचा ताकाशी. उडुपीच्या सांबारात वाटलेलं खोबरं आणि गुळाचा खडा असतो, तमिळ सांबारात बहुतेक वेळा दोन्ही नसतं. म्हणून एक गोडसर लागतं, एक लागत नाही. दोन्ही अस्सलच. रसम पातळ, मिऱ्याचं, नाक उघडणारं. सासूबाई म्हणाल्या, "ही आपली चिंचेची कढीच, नुसती शिकलेली."

नको असेल तेव्हा पानावर हात आडवा धरायचा. त्याआधी वाढपी थांबत नाही! आम्हाला हे पचायला वेळ लागला. वाढणारा फिरतोय, आणि आपण बसून आहोत. एक जण दोनदा उठली, पाणी आणायला. सवय हो.

बिलाचं सांगते. बिल वाचून बघायचं, लाजायचं नाही. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो. तो सरकारचा. पण 'सेवा शुल्क' म्हणून वेगळी रक्कम लावली असेल तर ती द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैत तसे निर्देश काढले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. काढून टाका म्हणायचं. वाढप्याला खुशीनं काही ठेवायचं तर ते वेगळं. बंद बाटलीच्या पाण्याचे पैसे लागतात, म्हणून आधीच साधं पाणी मागायचं.

फिल्टर कॉफी मात्र आम्हाला दोन गटांत वाटून गेली. त्यात चिकोरी नावाच्या मुळाची भाजलेली पूड मिसळतात, म्हणून ती दाट आणि कडसर लागते. पाच जणींनी बोटं चाटली, सहा जणींनी गुपचूप चहा शोधला.

परतीच्या गाडीत विषय एकच, इडली घरी अशी का होत नाही. आमच्यातली एक जण अंगणवाडीच्या कामाची, तिनं प्रयोग केला. तीन वाट्या जाड तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चिमूटभर मेथी. डाळ वेगळी, अगदी हलकी होईतो वाटायची, तांदूळ जरा रवाळ ठेवायचा, मग हातानं कालवायचं. उन्हाळ्यात आठ तासांत पीठ फुगतं. थंडीत भांडं चुलीच्या उबेला, गोणपाट गुंडाळून, बारा-चौदा तास ठेवावं लागतं. सोडा लागत नाही. भातपिकाचा तालुका आपला, कर्जतच्या संशोधन केंद्राच्या नावाचं भाताचं बियाणं आपण लावतो, तेव्हा तांदूळ विकत आणायचं कारण नाही. उडीद तेवढी आणायची.

डबा आता पुन्हा सुरू झालाय. कातकरी वाडीवरच्या ताईनं या वेळी २५ ऐवजी ३० टाकले. विचारलं तर म्हणाली, मुलीला घेऊन येणार आहे.